हरवले, फुटले, पुन्हा आणले : ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील मुलांच्या वस्तूंचा इतिहास

लहान मुलाच्या हातून वस्तू हरवू किंवा फुटू नयेत यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे त्याच्या हाती हरवण्याफुटण्यासारखे काही न देणे. इंग्रजी अंमलापूर्वी ठाणे आणि कल्याण या दोन्ही जुन्या गावांत पंतोजींच्या शाळा चालत त्या याच रीतीने. हे कोणी मुद्दाम ठरवले नव्हते. जास्त काही परवडत नव्हते आणि फारसे लागतही नव्हते. ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत मूल धूळपाटीपुढे बसे. लाकडी फळीवर विटेची बारीक पूड किंवा धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचे आणि तळहाताने मोडायचे. धूळ अंगणातली, काडी कुंपणाची. दोन्ही गेल्या तर कोणाचे काही बिघडत नसे. पाढे, पावकी, निमकी, दिडकी तोंडी म्हणून घेतली जात, त्यामुळे उजळणीचे पुस्तक विसरल्याची सबब कोणाला सांगता येत नसे. बोरू, दौत आणि कागद हाती पडत ते अक्षर वळणावर आल्यानंतर, म्हणजे मूल बऱ्यापैकी मोठे झाल्यावर.

या स्वस्ताईचे महत्त्व बाहेरच्यांनी आधी ओळखले. मद्रासजवळच्या एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने एका देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले. 'मद्रास पद्धत' या नावाने ती इंग्लंडमधल्या गरीब मुलांच्या शाळांत पसरली. वाळूच्या ताटात लिहिणारी मुले तिथेही दिसू लागली, कारण शेकडो गरीब मुलांना कागद पुरवणे तिथल्या धर्मादाय संस्थांनाही झेपत नव्हते.

ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४ मध्ये घेतला आणि १७८० मध्ये कल्याणही त्यांच्या हाती गेले. सरकारी धर्तीच्या मराठी शाळा मात्र एकोणिसाव्या शतकात आल्या. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते निघाले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली होती आणि १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोहोचले होते. शिक्षणखाते आणि रेल्वे या दोघांनी मिळून मुलांच्या हातातल्या वस्तू बदलल्या. खात्याने ठरावीक क्रमिक पुस्तके, ठरावीक इयत्ता आणि ठरावीक सामान आणले. मुंबईच्या गोदीत उतरलेला माल रेल्वेने झटपट गावात येऊ लागला. त्या मालात दगडी पाटी होती.

धूळपाटीच्या जागी दगडी पाटी आली तेव्हा मुलाच्या स्वतःच्या मालकीची, विकत आणलेली आणि फुटू शकणारी अशी पहिली वस्तू त्याच्या हाती आली. पाटीचा दगड पातळ आणि पापुद्र्यांचा. चौकट लाकडाची असली तरी कोपऱ्यावर आपटली की चीर पडायची, आणि चीर पडलेली पाटी पुढच्या धक्क्याला दुभंगायची. फुटण्याची कारणे पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली. दप्तर टाकून त्यावर बसणे, शाळेच्या पायऱ्यांवरून पाटी घसरवणे, पावसात डोक्यावर धरून पळणे, भांडणात ढाल म्हणून पुढे करणे. दप्तर म्हणजे जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे चौकोनी फडके, चार टोकांची गाठ मारलेले. आतल्या वस्तूला त्याचा काही आधार नसे. परदेशातून येणाऱ्या पाटीच्या जोडीला पुढे आंध्रातल्या मार्कापूरच्या खाणींतली पाटी आली, पण फुटण्याच्या बाबतीत दोघींत डावेउजवे नव्हते.

पाटी फुटली की मार बसे, पण नवी पाटी लगेच येत नसे. चौकट निघालेली पाटी सुतळीने बांधून वापरायची, दोन तुकडे झाले तर मोठा तुकडा शाळेत न्यायचा आणि लहान तुकडा घरच्या धाकट्याला गिरवायला द्यायचा, अशी सर्वसाधारण रीत होती. एका पाटीच्या तुकड्यांवर दोन मुलांची बाराखडी होई. दगडी पेन्सिलीचेही तसेच. ती पडली की मोडायचीच, त्यामुळे आई मुळात अख्खी पेन्सिल देतच नसे. बोटभर तुकडा हाती द्यायचा, संपला की पुढचा. मुले पेन्सिल खातातही, हे लक्षात घेता हा शहाणपणाचा हिशेब होता. पुढे पत्र्याची पाटी निघाली. ती फुटत नसे, पोचे पडून वाकडी होई आणि वर्षभरात तिचा काळा रंग उडे. तरीही पहिलीच्या पालकांना तिने मोठाच दिलासा दिला. वर्ग वाढला की दौत आणि टाक. बाकाच्या भोकात बसवलेली दौत सांडली तर एका धक्क्यात तीन मुलांचे सदरे आणि एक कित्ता वाया जाई. शाईच्या वड्या पाण्यात विरघळवून दौत भरायचे काम त्यामुळे बहुधा मोठ्या मुलाकडे किंवा शिपायाकडे असे.

हरवण्याचा प्रश्न फुटण्यापेक्षा निराळा होता आणि त्यावरचा गावाचा उपाय होता नाव घालणे. पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांवर मालकाचे नाव कोरण्याची चाल जुनीच. कारण लग्नकार्यात घरोघरची भांडी एकत्र येत आणि नंतर ज्याची त्याला परत करावी लागत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील आले तेव्हा भांड्याच्या दुकानातच विजेच्या यंत्राने नाव घालून मिळू लागले. मग मुलाचा डबाही त्या यंत्राखाली गेला. मुंजीत आलेल्या तांब्यावर, वाढदिवसाच्या पेल्यावर, शाळेच्या डब्याच्या झाकणावर आडनाव, कधी तारीख, कधी देणाऱ्याचे नाव. डबा हरवला तरी त्याच्या मालकाविषयी शंका राहत नसे.

छत्रीचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे होते. ठाणे जिल्ह्यातल्या पावसात जून ते सप्टेंबर मुलाला काहीतरी डोक्यावर लागतेच. शेतकऱ्यांच्या आणि कातकरी-ठाकरांच्या मुलांकडे इरले असे किंवा पोत्याची खोळ. ही दोन्ही सहसा कोणी चोरत नसे आणि तुटलीच तर घरी दुरुस्त होत. छत्री मात्र बाजारातून येई. मुंबईत इब्राहिम करीम यांची छत्र्यांची पेढी १८६० पासून होती. काळ्या कापडाची, बाकदार मुठीची ती छत्री शहरी घरातली बऱ्यापैकी महाग वस्तू होती आणि सगळ्या छत्र्या एकसारख्या दिसत. शाळेच्या व्हरांड्यात चाळीस काळ्या छत्र्या टेकून ठेवल्या की सुटीच्या घंटेनंतर अदलाबदल ठरलेलीच. त्यात कोणाची चोरी नसे, आणि वेंधळेपणाही सगळ्यांचा सारखाच असे. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन बसणारे असत. ते छत्रीच्या कापडावर मोठ्या अक्षरांत नाव घालून देत. त्यांच्या शेजारीच छत्री दुरुस्त करणारा बसे. त्याच्याकडे मोडक्या छत्र्यांच्या काड्या, दांडे आणि मुठी यांचा ढीग असे, आणि एका छत्रीचा जीव जाऊन तिच्या काड्यांवर दुसऱ्या चार छत्र्या जगत. १९२० मध्ये कोलकात्यात निघालेल्या बेंगॉल वॉटरप्रूफच्या 'डकबॅक' रेनकोटांनी मुलांचे हात मोकळे केले. रेनकोट अंगावरच असल्याने जाताना हरवत नाही. येताना ऊन पडले तर हरवतो.

पादत्राणांबाबत फार लिहिण्यासारखे नाही, कारण बरीच मुले अनवाणी शाळेत जात आणि चप्पल असलीच तर तिचा अंगठा शिवून देणारा चांभार प्रत्येक नाक्यावर होता. रबरी स्लिपर आल्या तेव्हा त्यांचे पट्टे सुटे मिळू लागले.

घरातली भांडी सांभाळणारी मंडळी फेरीवर येत. कल्हईवाला येई, स्टोव्ह दुरुस्त करणारा येई, आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण येई. मुलाने झाडाला अडकवून फाडलेली विजार आणि शाईने माखलेला सदरा तिच्या गाठोड्यात जाऊन त्या बदल्यात एखादी वाटी घरात येत असे, म्हणजे धसमुसळ्या पोराच्या उद्योगाचीही थोडी वसुली होई. चिनी मातीच्या कप-बश्या आणि कंदिलाच्या काचा यांना दुरुस्ती नव्हती. कान तुटलेला कप मात्र टाकत नसत. तो मुलांना दिला जाई, आणि अनेक सवर्ण घरांत कामाला येणाऱ्या बाईसाठी किंवा 'खालच्या' मानलेल्या जातीच्या माणसासाठी वेगळा ठेवला जाई. फुटक्या वस्तू घरात कोणाच्या वाट्याला येतात यावरून त्या घराची उतरंड कळे. काटकसरीच्या गोड आठवणी सांगताना हे बहुधा सांगितले जात नाही.

पुस्तकांची व्यवस्था भावंडांच्या क्रमावर उभी होती. थोरल्याचे पुस्तक मधल्याला, मधल्याचे धाकट्याला. म्हणून जूनमध्ये पहिले काम म्हणजे खाकी कागदाची किंवा वर्तमानपत्राची कव्हरे घालणे, आणि पुस्तकात शाईने न लिहिण्याची सक्त ताकीद. थोरला पुस्तके हरवणारा निघाला तर नुकसान तिघांचे होई. घरातल्या रागामागे हा हिशेब असे. भावंडे नसतील तर मे-जूनमध्ये अर्ध्या किमतीला जुनी पुस्तके घ्यायची-द्यायची. या साखळीला एकच अट होती, पुस्तक बदलता कामा नये. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची, स्थापना झाली. राज्यभर एकच स्वस्त पाठ्यपुस्तक मिळू लागले, पण अभ्यासक्रम बदलला की थोरल्याची जपून ठेवलेली चळत एका रात्रीत रद्दी होई. ज्या घरात सर्वांत काळजीपूर्वक पुस्तके वापरली गेली होती, तिथेच हा फटका जास्त बसे.

वाचनालयांना मुलांच्या या स्वभावाची कल्पना आधीपासून होती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. वाचनालयात वर्गणीबरोबर अनामत रक्कम घेतात. पुस्तक गेले तर ती वळती होते. मुलाने चूक केल्यावर संतापण्याऐवजी चूक होणार हे धरून आधीच तरतूद करण्याची ही पद्धत आहे. घरांनी ती फारशी उचलली नाही याचे आश्चर्य वाटते.

शोधून सापडले नाही की देवाकडे जात. हरवलेली वस्तू मिळावी म्हणून कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे, आणि नातवाची अंगठी शोधताना आजी तो पुटपुटत असे. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी सोळाव्या शतकापासूनचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. तिथल्या कॅथलिक कुटुंबांत हेच काम पादुआच्या संत अंतोनींकडे सोपवलेले असते. दोन्ही प्रार्थनांचा व्यवहारी फायदा सारखाच. म्हणणाऱ्याचा आरडाओरडा थांबतो, घर शांत होते आणि शोध पद्धतशीर सुरू होतो. काच फुटली तर 'पीडा टळली' म्हणण्याची पद्धतही अशीच. पाहुण्यांसमोर रडवेल्या झालेल्या मुलाची त्यातून सुटका होत असे.

मुलाच्या धांदरटपणाकडे शिक्षा किंवा दैव यांपलीकडे जाऊन पाहण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग जुन्या ठाणे जिल्ह्यातच झाला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९३६ मध्ये दादरला आल्या आणि त्यांनी शिशुविहार सुरू केले. १९४५ मध्ये त्या अनुताई वाघ यांना सोबत घेऊन डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांच्या जवळ हलले. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निघाला तेव्हा ते वेगळे झाले.

ताराबाईंच्या विचाराचे मूळ मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत होते. १९०७ मध्ये रोममधल्या पहिल्या बालगृहापासून माँटेसरींचा आग्रह असे की मुलांच्या हाती खरे काचेचे पेले आणि चिनी मातीच्या बश्या द्याव्यात. न फुटणाऱ्या भांड्याने मूल आपटाआपटी शिकते. फुटणारे भांडे हाती असले तर आपली चूक त्याला स्वतःला दिसते, मोठ्या माणसाला ओरडावे लागत नाही. दुसरा नियम असा की प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी, ती मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर असावी आणि वापरल्यावर त्याने स्वतः परत ठेवावी. ठाणे-कल्याणच्या घरांत तेव्हा नेमके उलटे होते. मुलाची पाटी फडताळात उंच, दप्तर खुंटीवर उंच, आणि ती काढून देणारे मोठे माणूस घाईत. जे आपण ठेवत नाही ते कुठे आहे हे मुलाला आठवत नाही, यात त्याचा फारसा दोष नसतो.

पण माँटेसरींची साधने महाग होती आणि त्यांतला एक भाग हरवला की साधन निकामी होई. लाकडी ठोकळ्यातला एक दट्ट्या गेला तर एक खाच कायमची रिकामी राही. बोर्डी-कोसबाडला या अडचणीतूनच खरे नवे काही जन्मले. समुद्रकाठचे शिंपले, बिया, चिंचोके, पाने, काड्या, माती आणि दगडगोटे यांतून रंग, आकार, संख्या शिकवणारी साधने तयार झाली. चिंचोका हरवला तर मूल दुसरा वेचून आणी. वेचणे हाही धडाच होता. बालवाडी वस्तीच्या अंगणात भरवली म्हणून तिला अंगणवाडी म्हणू लागले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. धूळपाटीपाशी असलेली स्वस्ताई इथे विचारपूर्वक परत आणली गेली होती. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. कोसबाडची ही रीत ठाणे-कल्याणच्या शहरी शाळांत मात्र फारशी शिरली नाही. तिथे साधनांचे कपाट कुलूपबंद राहिले, कारण मुले वस्तू हरवतात.

डोंबिवलीचा प्रश्न निराळाच होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत जागा न परवडणारी नोकरदार कुटुंबे इथे मोठ्या संख्येने आली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली १२ लाखांवर गेलेले दिसते. वडील सकाळच्या लोकलने, आणि पुढे आईही नोकरीला. घरात कोणी नसताना शाळेतून परतणाऱ्या मुलाजवळ घराची किल्ली आली. पाटी फुटली तर एकाचे नुकसान. किल्ली हरवली तर सगळे कुटुंब गॅलरीत. यावर तीन उपाय रूढ झाले. किल्ली दोरीने गळ्यात बांधायची, किंवा दप्तराच्या आतल्या कप्प्याला सेफ्टीपिनने अडकवायची, किंवा मुलाकडे द्यायचीच नाही, शेजारी ठेवायची. तिसरा उपाय सर्वांत टिकाऊ ठरला. चाळीतल्या आणि सोसायटीतल्या शेजारच्या काकूंकडे चार-चार बिऱ्हाडांच्या किल्ल्या खिळ्याला टांगलेल्या असत. अगदी लहानांसाठी घरगुती पाळणाघरे निघाली. तिथे नॅपकिनपासून वॉटरबॅगपर्यंत सगळ्यावर नाव घालून आणण्याचा नियम असे. छत्रीवरच्या पांढऱ्या रंगाची जागा मार्करने आणि शिवून लावलेल्या पट्टीने घेतली.

लोकलमध्ये विसरलेल्या वस्तूंची जबाबदारी रेल्वेकडे होती. गाडीत सापडलेला माल स्टेशनमास्तरकडे आणि तिथून हरवलेल्या सामानाच्या कार्यालयात जाई. दप्तर परत मिळायचे ते बहुतेक वेळा आत वहीवर शाळेचे नाव असल्यामुळे. अलीकडे रेल्वे सुरक्षा दलाच्या 'ऑपरेशन अमानत'खाली हेच काम चालते. मुंबईचे डबेवाले तर १८९० पासून रोज डबे वाहत आले आहेत. झाकणावरच्या रंगीत खुणा आणि अक्षरे यांच्या जोरावर हजारो सारखे दिसणारे डबे घरी परततात. शाळकरी मुलाच्या हाती दिलेला तोच डबा महिन्यातून एकदा वर्गात राहतो.

कल्याणच्या शेजारी १९४९ मध्ये उल्हासनगर वसले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी तिथे कारखानदारी आणि व्यापार उभा केला. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या परिसराला पाठ आहे. स्वस्त दप्तरे, प्लॅस्टिकचे डबे, वॉटरबॅगा यांची तिथली बाजारपेठ डोंबिवली-ठाण्याच्या पालकांना जवळची. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरची संख्यात्मक बंधने उठली आणि चिनी कंपासपेट्या, चित्रांचे खोडरबर, पेन्सिली स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर पसरल्या. यानंतर हरवण्याची किंमत एवढी उतरली की कंपासपेटीतला गुण्या किंवा कोनमापक हरवला तर सुटा आणण्याऐवजी नवी पेटीच आणणे सोपे झाले. छत्री दुरुस्त करणारे आणि कल्हईवाले कमी झाले ते याच काळात. शाळेतल्या हरवले-सापडले कपाटात डबे, स्वेटर, बाटल्या साचू लागल्या आणि प्रार्थनेनंतर विचारले तरी कोणी हात वर करीना. मुले जास्त निष्काळजी झाली, अशी तक्रार याच सुमारास वाढली. वस्तूच सांभाळण्याच्या लायकीच्या उरल्या नव्हत्या, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे.

स्वस्ताईमुळे एक गोष्ट मात्र उघडी पडली. पाटी एकच होती तेव्हा ती सगळ्यांच्याच हातून फुटे. आता तीन भावंडांत एकच मूल दर आठवड्याला काहीतरी हरवते, हे ठळक दिसू लागले. वैद्यकशास्त्रात याची नोंद जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली होती. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात अवधानाच्या कमतरतेचा विकार आला आणि १९८७ मध्ये त्याला सध्याचे एडीएचडी हे नाव मिळाले. गरजेच्या वस्तू वारंवार हरवणे हे त्यातले एक लक्षण आहे. एकट्या लक्षणावरून निदान होत नाही. शाळा आणि घर अशा दोन्ही ठिकाणी, किमान सहा महिने आणि वयाच्या मानाने बराच जास्त त्रास दिसावा लागतो. सतत वस्तू पाडणाऱ्या मुलाची नजर अधू असू शकते, हे तर त्याहून साधे कारण. ठाण्यात २३ मार्च १९९० रोजी डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि मुलाला समुपदेशकाकडे नेणे ही मध्यमवर्गात हळूहळू लाजेची गोष्ट उरली नाही. २००७ च्या 'तारे जमीन पर'ने डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीचा, विषय हिंदी सिनेमाच्या प्रेक्षकांपर्यंत नेला. वेंधळा, धांदरट, धसमुसळा ही घरगुती विशेषणे लागलेल्या काही मुलांची तरी तपासणी होऊ लागली.

सरकारी पातळीवर दोन बदल झाले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला. पाटी फोडली म्हणून छडी हा शतकभराचा रिवाज त्याने बेकायदा ठरवला. दुसरा बदल म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला झाला. या कार्यक्रमात तीस प्रकारच्या तक्रारींसाठी मुले तपासली जातात. दृष्टिदोष आणि एडीएचडी दोन्ही त्या यादीत आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र अध्ययन अक्षमतेला स्थान मिळाले, एडीएचडीला स्वतंत्रपणे मिळाले नाही, त्यामुळे अशा मुलांच्या सवलतींचा प्रश्न अर्धवट राहिला.

समुपदेशक आज पालकांना जे सांगतात त्यातले बरेचसे ताराबाईंच्या पठडीतले आहे. वस्तू थोड्या द्या, जागा ठरवा, ती मुलाच्या उंचीवर ठेवा, चित्रांची यादी दाराशी लावा, रात्री दप्तर मुलानेच भरावे, फुटलेले त्याच्याकडून डकवून घ्या. यात औषधाचा भाग लागलाच तर तो बालमानसोपचारतज्ज्ञ ठरवतो.

शाळेत न्यायच्या वस्तूच कमी करण्याचे प्रयत्नही शासनाने केले. २१ जुलै २०१५ च्या शासन निर्णयाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुरते ठेवायला सांगितले. २०२३-२४ मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यांतच कोरी पाने बांधली. एका वेळी एकच पुस्तक, वेगळी वही नको, म्हणजे विसरण्यासारखे कमी. प्रत्यक्षात मुले वेगळ्या वह्याही नेतच राहिली आणि २०२५ मध्ये शासनाने ती योजना बंद केली.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली. त्याआधी मुलाच्या हाती कधी न दिलेली, घरातली सर्वांत महाग वस्तू रोज तीन-चार तास त्याच्या हाती आली. ठाणे, डोंबिवली, कल्याण या तिन्ही स्टेशनांबाहेर मोबाइलची काच बदलून देणाऱ्यांचे स्टॉल आज आहेत. छत्रीवाल्यासारखेच तेही जुन्या फोनचे सुटे भाग काढून ठेवतात. हरवलेला फोन बंद करण्यासाठी दूरसंचार विभागाची सीईआयआर ही यंत्रणा आहे. तिचा प्रायोगिक आरंभ सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत झाला आणि मे २०२३ पासून ती देशभर उपलब्ध आहे. तिथे तक्रार करताना फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. तो खोक्यावर आणि बिलावर छापलेला असतो, म्हणून फोन मुलाच्या हाती देण्याआधी तो वेगळा लिहून ठेवावा लागतो.